बहात्तर अंश

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली.
"दाबा. पाच मोजेपर्यंत धरा. सोडा."
मी दाबतो. मांडी थरथरते,
पलंगाची पट्टी कुरकुरते,
एवढ्याशा कामाला मी घामेजून जातो.

एकेचाळीस वर्षं सेतुबालच्या फुटपाथांवर
पांढरा चुनखडक बसवला, काळा बसाल्ट बसवला.
दगड तळहातात फिरवायचा,
हातोडीचा एक टोला, फार तर दोन,
आणि खाली वाळूत.
लोक हरले की गुडघे टेकतात.
मी रोज सकाळी आठला टेकायचो,
जेवायला उठायचो, पुन्हा टेकायचो,
आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचो.

एर्मेलिंदा म्हणायची, बेलमिरो, तुझी अक्कल गुडघ्यात.
होतीच तिथे.
वाळू किती ओली, उतार कुठल्या गटाराकडे,
रात्री इथून मासळीचा ट्रक गेला की नाही,
डोक्याच्या आधी गुडघ्याला कळायचं.
ती सगळी अक्कल
मार्चमधल्या एका मंगळवारी करवतीनं कापून
त्यांनी स्टीलच्या बादलीत टाकली.
बघू का, म्हटलं. नको म्हणाले.

आता आत आहे ते चकचकीत आहे, महाग आहे,
आणि वाळूबद्दल त्याला
काही म्हणजे काही ठाऊक नाही.

झुलेयका कोनमापक लावते.
"बहात्तर." चेहरा तिचा पडतो, माझा नाही.
बहात्तर म्हणजे पाच पाकळ्यांच्या फुलातली एक पाकळी,
मध्यापासून मोजलेली.
चर्चसमोर अशी तीसेक फुलं आहेत माझी.
"त्या फुलांवर पावसात मी दोनदा आपटलेय,"
ती म्हणते, आणि माझी नडगी धरून
आणखी थोडं वाकवते.
मी आईच्या नावानं ओरडतो.
"हं. शहात्तर."

नव्वद झाले की जिना.
एकशेदहा झाले की तो खोल सोफा,
ज्यातून मला दोन माणसं उपसून काढतात.
टाच सरकवायची, ओढायची, सरकवायची,
चादरीला तिथे घडीच पडून गेली आहे.

रात्री मटारची गोठलेली पिशवी गुडघ्यावर.
तीच पिशवी, दीड महिना. ते मटार आता कोणी खाणार नाही.
मुलगा लक्झेंबर्गहून फोन करतो,
हवामान विचारल्यासारखं विचारतो, आज किती अंश?
मी म्हणतो, एक्क्याऐंशी.
"अरे वा, कालच्यापेक्षा तीन वर."
मग आमचं दोघांचंही बोलणं संपतं.

जिन्यावर झुलेयका एक पायरी खाली उभी.
"चांगला पाय वर जाताना आधी,
दुखरा खाली येताना आधी.
पाद्री सांगतात तसंच, चांगले वर, वाईट खाली."
मी वर जाऊन खाली येतो, पाच पायऱ्या,
स्वर्ग फारसा दिसला नाही.

सातव्या आठवड्यात एका कुबडीवर रस्त्यात.
औषधाच्या दुकानापाशी एक दगड सुटलेला,
खड्ड्यात सिगारेटची थोटकं.
काम माझं नाही. कुस्तोदियोचं असावं,
तो कायम घाईत, सांधे मोठे ठेवायचा.
हात आपोआप कमरेकडे गेला, हातोडी शोधत.
पण डॉक्टरांनी बजावलंय, या गुडघ्यावर
टेकायचं नाही. फार काळ. बहुतेक कधीच.

कुबडीच्या रबरी टोकानं थोटकं उकरली.
दगड ढकलला, फिरवला, पुन्हा फिरवला.
मागे बाबागाडीवाली बाई थांबली,
"काही हरवलं का, आजोबा?"
"नाही."

तो उलटा बसला, पालथा.
तरी त्याच्यावर दुखऱ्या पायाची टाच ठेवली,
दाबली,
पाच मोजेपर्यंत धरली,
सोडली.