कडता

उदगीरच्या मोंढ्यात तीस वर्षं मापाडी होतो.
काटा स्थिर होईस्तोवर श्वास धरायची सवय
अजून गेली नाही.

आता दुपारी एकला
जुन्या ब्लेडनं गोळी अर्धी करतो,
कागदावर सांडलेला चुरा
बोटानं टिपून जिभेवर घेतो.
पोत्यामागं किलोचा कडता कापला जायचा,
मी मुकाट लिहायचो.
इथं कडता चालत नाही.

आधी तळहाताच्या रेघा काळ्या पडल्या.
इंदुमती म्हणाली, ऊन आहे.
मी चोरून खडेमीठ चघळायचो,
ते कुणाला सांगितलं नव्हतं.

थायरॉइडची गोळी पहाटे, उपाशीपोटी.
चहा तासाभरानं;
एवढा लांब सौदा मोंढ्यातही पाहिला नाही.
दर सहा आठवड्यांनी लातूरला रक्त.
आकड्यापुढं बाण. वर, नाहीतर खाली.
"पंचवीसनं वाढवू," काझी मॅडम म्हणतात.
पंचवीस काय? मायक्रोग्रॅम.
माझ्या काट्याला
एवढं वजन कधी कळलंच नसतं.

परवा अंगात ताप भरला.
इंदुमतीनं काही विचारलं नाही.
अख्खी गोळी हातावर ठेवली
आणि ब्लेड उचलून
वरच्या फळीवर टाकलं.