शून्य ते दहा

मंगळवारी दुपारी तीन ते चार,
समाजभवनाच्या मागच्या खोलीत
चार कॉम्प्युटर, एक कूलर.
कूलरचा पंप बंद, नुसता गरम वारा फेकतो.
रजनी हेडाऊ वहीत लिहून घेते:
कुमुदिनी पराते, तांडापेठ, धडा दुसरा.
मग माझे केस सांभाळत हेडफोन लावून देते,
नवरीला बाशिंग बांधावं तसा.

यंत्र विचारते, आज आपल्याला कसे वाटते आहे?
शून्य ते दहा.
बोलते एकदम शुद्ध, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं.
मी बाण सातवर नेते, मग सहावर आणते.
सहा म्हणजे खोटं,
सात म्हटलं तर रजनी पोराला फोन करन.

मेयोत छातीची पट्टी काढली होती.
डॉक्टर म्हणाला, काकू, हृदय ठणठणीत आहे.
मग रात्री अडीचला हे काय ठोकून राहिलं आत?
माग विकून तीन वर्षं झाली,
त्या खोलीत आता शिकवणीचे पोट्टे बसतात,
तरी माझ्या बरगडीत धोटा
इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मनात आलेला विचार लिहा.
लिहिलं: गोळीबार चौक ओलांडताना मी पडीन आणि मरीन.
आता याचा पुरावा लिहा.

पुरावा!
आमच्या घराण्यानं जन्मभर पुरावेच गोळा केले,
जातीचे, पन्नास सालाआधीचे,
आजोबाच्या शाळेतले, वाळवी लागलेले.
भीतीचा पुरावा कोणी मागितला नव्हता.
मी एका बोटानं टाइप केलं: अजून पडली नाही.
यंत्र म्हणालं, छान.
सगळ्यांनाच म्हणत असन.
तरी तो शब्द मी घरापर्यंत आणला
पदराच्या गाठीत, चिल्लर आणावी तसा.

चौथ्या धड्यात शिडी काढायची होती.
खालची पायरी, उंबऱ्यावर पाच मिनिटं.
मग किराणा. मग चौकाची अलीकडची बाजू.
पलीकडची.
सगळ्यात वर लिहिलं, मारबत पाहायला जाणे.
खोडता येत होतं. खोडलं नाही.

त्याच दिवशी लाइट गेली.
कानातला आवाज "खोल श्वास घ्" वर तुटला
आणि आम्ही चौघांनी हेडफोन काढले.
पोलीस भरतीत दोनदा राहिलेला एक पोट्टा,
बाळ आईजवळ टाकून आलेली एक ओली बाळंतीण,
आणि खोब्रागडे, मीटर रीडर,
ज्यांना मी दारावरून दोनदा हाकललं होतं.
इतके मंगळवार पाठीला पाठ लावून बसलेलो.
घाम पुसला. कोणी बोलेना.
मग बाळंतीण म्हणाली, तुम्ही किती लिहिता, दहापैकी?
खोब्रागडे म्हणाले, मी नेहमी पाच. भांडण नको.
असे हसलो की रजनी बाहेरून धावत आली.
लाइट आली. यंत्र पुन्हा पहिल्यापासून: नमस्कार.
त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

पोळ्याच्या करीला सकाळी मी निघाली.
इतवारीपर्यंत नाही,
जागनाथ बुधवारीच्या कोपऱ्यापर्यंत.
पिवळी मारबत आली, डोळे परातीएवढे,
लोक ओरडून राहिले,
इडा पीडा घेऊन जा गे मारबत!
महागाई घेऊन जा, रस्त्यावरचे खड्डे घेऊन जा!
मलाही ओरडायचं होतं.
तोंड उघडलं, धोटा गळ्यात येऊन अडकला.
पाणपोईचा नळ दोन्ही हातांनी धरला,
चार मोजून आत, सहा मोजून बाहेर,
कोणाचा तरी गुलाल माझ्या चष्म्यावर.
मिरवणूक पुढं गेली तेव्हा
मी अजून उभीच होती
आणि भूक लागली होती. तर्री-पोहा खाल्ला,
तर्री दोनदा मागून.

मंगळवारी यंत्रानं विचारलं, आज कसे वाटते आहे?
मी किती वेळ साडेपाच शोधत बसली.
साडेपाच त्यात नव्हतं.
रजनीला हाक मारली, म्हटलं, बाई,
कोणाला तरी सांगून हे टाकून घ्या यात.