दोन हात

खारेगाव, तळमजला, खोली तीन.
पुराची रेघ माझ्या कमरेला लागते.
कपाट सरकवलं तर मागं भिंतीवर
दुसरं कपाट, काळं, केसाळ.

मालक म्हणाला, दोन हात मार,
शनिवारी नवीन बिऱ्हाड येतंय.

आधी इथं हौसा शेलार ब्लाउज शिवायची.
पोराला रात्री दम लागायचा.
कळव्याच्या डॉक्टरनं विचारलेलं,
घरात कुणी विडी ओढतं का?
नाही हो, म्हणाली, कुणीच नाही.

खरवडतो.
ओल्या गोणपाटाचा वास नाकात बसतो.
रुमाल बांधलाय, तरी खोकतोच.

खिडकीत पोराचा पंप राहिलाय, निळा.
हलवून बघितला. रिकामा.

शनिवारी भिंत पांढरीफेक असेल.
आतल्या आत ओढत बसेल.