समुद्र बाहेर गेला आहे

दांडिया बाजारातून निघालो
तेव्हा दूधवाल्यांचीही झोप झाली नव्हती.
आम्ही चौघी, इदरीसभाईंची ईको,
मांडीवर लिलो चिवडा
आणि उज्ज्वला शिर्केच्या पर्समध्ये भरतीचं वेळापत्रक,
कुमुदिनीनं दोनदा गणित करून तपासलेलं.

पादऱ्यापर्यंत शाळेबद्दल बोललो.
जंबुसरनंतर कपाशी सुरू झाली, शाळा संपली.
खरं तर शाळा मार्चमध्येच संपली होती:
सगळे वर्ग मिळून सात मुलं,
त्यातली तिघं सख्खी भावंडं.

कावी-कंबोईला पोचलो तर समुद्र नव्हता.
नजर जाईल तिथवर चिखल.
निरुपमा म्हणाली, चित्रकलेच्या तासाला
हा रंग कधी माझ्या पेटीत नव्हता.
मक्याची कणसं भाजणारा पोरगा मान वर न करता म्हणाला,
"दरियो बहार गयो छे. पोणा अग्यारे आवशे."
जसा शिपाई सांगतो,
साहेब बाहेर गेलेत, बसा.

बसलो.

उज्ज्वलानं एकतीस वर्षं फळ्यावर भरती काढली:
पिवळ्या खडूचा चंद्र, निळ्या खडूचं पाणी, दोन बाण.
आता लाट येणार म्हणून ती पदर खोचून उभी.
लाट आली नाही.
एक रेघ आली.
रेघ जाड झाली,
आणि मग कुणाच्या हातून घागर कलंडावी तसं
पाणी गुपचूप सगळीकडे.
पायऱ्यांवर. पिंडीभोवती. पिंडीवर.
पुजारी ओरडत होता, "बेन, पाछा वळो!"
आणि ही घोट्यापर्यंत बुडालेली, चपला हातात,
म्हणते कशी,
"बाण चुकायचे गं माझे.
इतके सरळ नसतात ते."

गंभीऱ्याचा पूल पडल्यापासून
खंभातला जायचं तर वासदवरून वळसा.
इदरीसभाईंनी एवढंच सांगितलं
आणि रेडिओ बंद केला.
बराच वेळ कुणी चिवड्याचा पुडा वाजवला नाही.

पाटीवर खंभात, माझ्या पुस्तकात खंबायत.
इथून अकीक जायचा, मुलांनो, जहाजं भरभरून,
अरबस्तानात, आफ्रिकेत.
मग काय झालं बाई?
मग गाळ साचला.
गाळ एका मार्काचा. रिकाम्या जागा भरा.

इदरीसभाईंचे मेहुणे ओट्यावर मणी विंधत होते.
घासणं काय, कुणीही घासेल, म्हणाले.
भोक दोन्हीकडून पाडत यायचं.
आत भेट झाली तर मणी,
नाही तर खडा.
नाही-तर-खडे त्यांच्याकडे डबाभर होते.
मी त्यातलाच एक मागून घेतला.
पैसे घेईनात.

संध्याकाळी बंदरावर गेलो. म्हणजे बंदर होतं तिथे.
म्हशी परतत होत्या.
निरुपमानं पलीकडे, काहीच दिसत नव्हतं तिकडे बोट केलं:
"सकाळी तिथे होतो आपण."
कुमुदिनी मनातल्या मनात सरळ अंतर काढत राहिली,
वळशातून वजा करून.
बाकी किती उरली ते बोलली नाही.

समुद्र इथूनही बाहेर गेलेला.
चिखलात एका कुशीवर कललेली होडी,
आणि तिला एक माणूस रंग देत होता. निळा.
मध्येच थांबून विडी ओढायचा,
ब्रश पुन्हा डब्यात बुडवायचा.
त्याला घाई नव्हती.