घोडी तबेल्यात, मोल आभाळात

एका तासाचे सतराशे क्रोना.
सेल्फॉसमध्ये तीन बेकऱ्या आणि एका दंतवैद्याच्या
वह्या मी सांभाळते,
त्यामुळे आकडा दिसला की आधी भागाकार करते.
मिनिटाला अठ्ठावीस, वर चिल्लर.
एवढ्यात दालचिनीचे दोन पाव आणि कॉफी येते,
आणि पाव खाल्ला याची निदान पोट तरी साक्ष देतं.

समोरच्या पडद्यावर लिहिलं होतं:
ढगांवरही जगाशी जोडलेले राहा.
जगाला एवढी ओढ असेल
तर जगाने भरावेत पैसे, मी मनात म्हटलं
आणि डोळे मिटले.

खिडकीजवळच्या म्हाताऱ्याने मात्र कार्ड काढलं.
उलटं धरलं, सुलटं धरलं,
सोळा आकडे दोनदा चुकवले.
"ह्रेप्ना," तो मला म्हणाला,
जणू मी तिला ओळखतच असणार.

काळी घोडी, अकरा वर्षांची, दिवस भरलेले.
नातवाने तबेल्यात कॅमेरा बसवून दिलाय.
सिएटलला धाकटीचं लग्न,
तारीख माणसांनी ठरवली,
घोडीला कुणी विचारलंच नाही.

नमनालाच घडाभर तेल:
पहिली वीस मिनिटं नुसतं चक्र फिरलं.
पाचशे साठ क्रोनांचं चक्र.
मग पेंढा आला. पेंढ्याचा एक चौकोन,
मग अर्धी शेपटी,
मग शेपटीवाचूनची घोडी,
सगळं हप्त्याहप्त्याने.
खाली ग्रीनलँड सरकत होतं,
अख्खं, फुकट, एकदाही न अडखळता,
आणि आम्ही दोघं पेंढा बघत होतो.

हवाईसुंदरी सोलरून ढकलगाडी घेऊन आली,
कॉफी विचारायची ती विसरली.
"माझ्या आत्याकडे मेंढ्या होत्या," म्हणाली,
आणि पंचविसाव्या रांगेने
बराच वेळ दुधाची वाट पाहिली.

चौपन्नाव्या मिनिटाला ह्रेप्ना आडवी झाली.
मान वळवून तिने पोटाकडे पाहिलं
आणि तशीच थिजली.
पंचावन्न. सत्तावन्न. मान तिथेच.
मग पडद्यावर अक्षरं:
आपला वेळ संपला आहे.
(विमानात बसलेल्या माणसाला
हे असं कुणी कळवतं का?)

थॉर्ग्रीमुरने कार्ड पाकिटात ठेवलं,
पाकीट खिशात, खिशावर बटण.
"राहू दे. मी बघितलं काय, न बघितलं काय,
तिला थोडंच कळतंय."
त्याचा हात बटणावरच राहिला.

मी माझं कार्ड काढलं.
का, ते विचारू नका,
माझ्या वहीत त्याचा रकाना नाही.
सोळा आकडे मला पाठ आहेत.

चक्र. चक्र. पेंढा.
मग काहीतरी ओलं, काळं, चकाकणारं,
आणि घोडीच्या आसपास नको इतके पाय.
"मोज," तो म्हणाला. "तू हिशेबनीस ना!"
मी मोजले. सहा.
पुन्हा मोजले, बोट काचेवर ठेवून. सात.
आठव्याच्या जागी एक राखाडी चौकोन
आणि त्याखाली सूचना:
उपग्रह उपलब्ध नाही.

पुढचे तीन तास
आम्ही सात पायांवर काढले.
"आठवा अंगाखाली दुमडला असेल,"
तो म्हणायचा. "असेलच," मी म्हणायचे.
मग तो झोपला, किंवा झोपल्यासारखा बसला.
मी खर्चाच्या वहीत तारीख घातली,
सतराशे लिहिले,
आणि "कशासाठी" यापुढे पेन टेकवून
बराच वेळ तशीच राहिले. शाईचा ठिपका पडला.

चाकं जमिनीला लागली, सगळे फोन एकदम किणकिणले.
माझा चष्मा सीटखाली गेला होता,
तो सापडेपर्यंत म्हातारा उठून पुढे निघून गेलेला,
पिशव्यांच्या आणि कोटांच्या गर्दीत.
दाराशी पोचल्यावर तो वळला.
बोलला असता तरी ऐकू आलं नसतं.
त्याने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले:
या हाताची चार बोटं,
त्या हाताची चार.