जास्तीचं

यहेज्केल भिंगारदिवे हे नाव
संडे स्कूलच्या पोरांच्या जिभेला पेलायचं नाही.
ती म्हणायची, केळकाका.
काकांनाही ते पटलं असावं,
कारण दर रविवारी खडकी बाजारातून
डझनभर केळी आणायचे,
सालीवर डाग पडलेली, आतून गोड.
अकराच पोरं आली तर बारावं
पाळकांच्या उपदेशाच्या कागदांवर ठेवून द्यायचे.

गाताना ते आमच्या अर्धी मात्रा पुढे.
पेटीवरच्या शुलमीथताई डोळे वटारायच्या,
काका डोळे मिटून केव्हाच पुढच्या कडव्यात.
आणि त्यांचं आमेन तर भलत्याच ठिकाणी:
एकदा वार्षिक सभेत
खजिनदारांनी तूट वाचून दाखवली, तेव्हा.

तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात
पेट्यांना खिळे ठोकले.
त्याविषयी बोलायचे नाहीत.
डावा कान तिथेच राहिला, एवढंच म्हणायचे.
कुणी आभार मानू लागलं
की नेमका तोच कान पुढे करायचे
आणि हसत मान हलवायचे,
जणू कुणी पत्ता विचारतंय.

छत्री दिली: "जास्तीची आहे."
पडवळांच्या थोरलीला बाळंतपणात दुलई: "जास्तीची आहे."
फाटकावरच्या रामसजीवनला वातींचा स्टोव्ह,
घासून, वाती बदलून.
मला अकरावीत,
जागरणाच्या प्रार्थनेला दातांवर दात वाजत होते तेव्हा
एक राखाडी स्वेटर,
कोपरावर निळ्या लोकरीने
पुरुषी हाताने केलेलं रफू.
"परत आणू नकोस हं,
कपाटात जागा नाही."

भांडायचेसुद्धा.
नव्या पंख्याच्या पात्यांवर
देणाऱ्याचं नाव लाल रंगात लिहिलेलं पाहून
सबंध उपासना बाहेर पायरीवर बसून राहिले.
"नाव डोक्यावर गरगर फिरतंय,
मी ते वाचू की प्रार्थना करू?"
कमिटीने तीन पत्रं लिहिली.
चौथ्या रविवारी पात्यांवर पांढरा रंग होता,
काकांच्या नखांतही.

ससूनमध्ये गुरुवारी पहाटे गेले.
होळकर पुलापलीकडे माती दिली.
पाळक दोन अंगरख्यांवर बोलले,
ज्याच्याकडे दोन, त्याने एक द्यावा.
आम्ही माना डोलावल्या.
पहिल्यांदाच सगळे एका तालात गायलो
आणि ते कानाला बरं वाटलं नाही.

शनिवारी मला आणि पडवळांना
खोली रिकामी करायला पाठवलं.
छोटा टेम्पो सांगून ठेवला होता.
एक ताट.
एक पेला, कान तुटलेला.
खिळ्याला अडकवलेला एकच शर्ट, रविवारचा.
खाटेवर चादर, पांघरूण नाही,
पांघरुणाच्या जागी कारखान्याचा जुना कोट.
देवळीत चार केळी, काळी पडलेली.

मग मी कपाट उघडलं.

कपाटभर जागा होती.
वरच्या कप्प्यात, मधल्या, खालच्या,
इतकी जागा की
दाराच्या कुरकुरण्याचाही आतून आवाज आला.
"टेम्पोचं भाडं उगाच पडलं,"
पडवळ म्हणाले,
आणि भिंतीकडे तोंड करून
बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

यंदा नाताळच्या आदल्या रात्री
कॅरल आटपून घरी आलो, तर फाटकाशी
पार्सल घेऊन आलेला एक पोरगा,
पातळ टी-शर्ट, हाताच्या मुठी काखेत.
मी स्वेटर काढला.
"घे. जास्तीचा आहे."
शब्द बरोबर होते,
पण मला ते अजून नीट म्हणता येत नाहीत.
त्याने माझ्या दंडावर उठलेला काटा पाहिला,
कोपरावरचं निळं रफू चाचपलं.
"खरंच जास्तीचा आहे का, काका?"

मी डावा कान पुढे केला.