बॅटरी आडवी धर

रात्री साडेअकराला उद्यमबागेतली माझी लेथ थांबते.
कूलंटचा वास साबणानं जात नाही,
तशाच हातानं मी कंट्रोलर धरतो.

आमच्या यानाचं नाव कुंदा.
शाहिस्तानं ठेवलं, खानापुरातून,
कारण पहिल्या आठवड्यात ते तितकंच जड उडायचं.
तिसरा इराप्पा, संकेश्वराजवळ हायवेच्या पंपावर रात्रपाळीला.
मधेच म्हणतो, थांबा, डिझेलला गाडी आली,
आणि आम्ही दोघं अंतराळात लटकून
ट्रकच्या टाकीत पडणारे लिटर ऐकत राहतो.

त्याचं मराठी बाजारापुरतं.
माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं.
शाहिस्ता दोन्हींत बोलते, रागावते तिसरीत.

अठरा रात्री झाल्या त्या मेलेल्या स्टेशनात.
जेवणाच्या ताटांना पट्टे बांधलेले, जेवणारे नाहीत.
एका बुटाची नाडी अर्धी सुटलेली.
कुठं गेले सगळे, हे एका दाराआड आहे,
आणि दारावरची पाटी कुणीतरी जाळून
काळी कुळकुळीत करून ठेवलीय.

खेळाची खोड अशी, की एकाला दिसतं ते दुसऱ्याला नाही.
मला पाटी.
शाहिस्ताला पलीकडच्या खोलीत कळांची रांग, प्रत्येकीवर एक खूण.
इराप्पाला अंधार, आणि भिंतीतून येणारा आवाज.

हुडक, मी म्हणतो.
हुडुकु, तो म्हणतो.
एकच शब्द आहे रे दोघांचा, शाहिस्ता ओरडते,
भांडल्यासारखा का बोलताय?

मी मोठा दिवा पाटीवर मारला. काळं.
अजून मोठा मारला. अजून काळं.
मग इराप्पा, ज्याला पाटी दिसतच नव्हती, म्हणाला:
समोरनं नको. बॅटरी आडवी धर.
रंगाला जाडी असते. वरनं काही फासलं तरी
अक्षर खाली फुगूनच राहतंय.

तुला कसं ठाऊक?

आमच्या स्टँडची पाटी. डांबर मारलेलं.
मी लहान. सायकलच्या दिव्यानं वाचत होतो.
कोण मारलं, माहीत नाही.

पंपावर हवा भरायच्या मशीनची घंटा वाजली.
मी नववीत होतो तेव्हा.
शिडी दुसऱ्यानं धरलेली, तुपाच्या डब्यात डांबर,
ब्रश माझ्या हातात.
घरी आईनं रॉकेलनं हात घासून दिले,
तो वासही आठवडाभर गेला नव्हता.
गाव कुठलं होतं, त्याचं नाव
मी पुसायच्या आधी वाचलंसुद्धा नव्हतं.

का कोण जाणे, सांगून टाकलं.
हेडफोनमध्ये नुसता हायवे.
शाहिस्तासुद्धा गप्प, जी कधीच नसते.

मग इराप्पा म्हणाला,
बरं. पहिलं अक्षर सांग.

बॅटरी आडवी धरली.
काळ्यातून एकेक कड वर आली,
तापानंतर अंगावर पुरळ उठावं तशी.
पहिलं: विळा, आतून दोन दात.
दुसरं: अर्धी खाल्लेली जिलेबी.
तिसरं: चूल. कसली चूल? तीन दगडांची गं, तवा नसलेली.
चौथं खरंच जळलेलं, तिथं कडच नाही.
पाचवं: मोरीची जाळी.

ती दाबत गेली, प्रत्येक कळ आपला सूर देत गेली.
चौथ्यापाशी इराप्पा म्हणाला, गप बसा.
भिंतीतला आवाज त्यानं कान देऊन ऐकला,
तोंडानं गुणगुणला, बेसूर,
आणि ती एकेक कळ चाचपत राहिली
त्याचं हां येईपर्यंत.

हां.

दार सरकलं.
आत लांब बोळ, बोळाच्या टोकाला दुसरं दार.
त्याच्यावरही पाटी.
ही स्वच्छ, लखलखीत, एक ओरखडा नाही,
आणि या वेळी तिघांनाही दिसत होती.
तिघांनाही वाचता येत नव्हती.

नाळे, इराप्पा म्हणाला. गाडी आली.
उद्या, असं शाहिस्ता मला सांगायला लागली.
तेवढं येतं मला, मी म्हटलं.
ट्रकचं इंजिन बंद झालं.
किती लिटर, कुणीतरी विचारलं, कुठल्या भाषेत ते कळलं नाही.